रोजच्या गाडीचे ब्रेक ट्रॅकवर टिकवायचे कसे?

ट्रॅकवरच्या माझ्या पहिल्याच दिवशी, दुसऱ्या सत्राच्या पाचव्या फेरीत, सर्वांत लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी मी ब्रेक दाबला आणि पेडल नेहमीच्या जागी थांबण्याऐवजी ओल्या स्पंजात पाय रुतावा तसे खाली खाली जात राहिले. दोन-तीन वेळा पटापट पंप केल्यावर थोडा दाब परत आला आणि गाडी वळणापलीकडच्या खडीत शिरता शिरता राहिली. अर्ध्या तासाने गाडी गार झाली तेव्हा पेडल जवळजवळ पूर्वीइतकेच घट्ट लागत होते, आणि ही गोष्ट मला त्या रुतणाऱ्या पेडलापेक्षाही फसवी वाटली. कारण त्या घडीला गाडी पाहणाऱ्या कोणालाही तिच्यात दोष सापडला नसता. निघण्याच्या पंधरा दिवस आधी एका गॅरेजमध्ये ‘ब्रेक ऑइल बदलले आहे’ असे मला सांगण्यात आले होते. घरी येऊन पुढच्या कॅलिपरच्या, म्हणजे चाकाजवळ ब्रेक आवळणाऱ्या भागाच्या, निपलला (द्रव बाहेर सोडण्याच्या छोट्या तोटीला) पारदर्शक नळी लावली आणि निपल सैल केले, तेव्हा नळीतून काळपट तपकिरी द्रव उतरला. वरच्या डबीतले तेवढे ऑइल बदलले होते, आणि जिथे चटका बसतो तिथे, म्हणजे कॅलिपरमध्ये, जुनेच राहिले होते.

वर्षातून दोन-चार वेळा स्वतःची रोजची गाडी घेऊन बंदिस्त ट्रॅकवर जाणाऱ्यांसाठी हे लिहीत आहे. कमी खर्चात ब्रेकमध्ये काय बदलावे, कोणत्या क्रमाने बदलावे आणि कशावर पैसे घालवू नयेत, एवढाच त्याचा विषय आहे.

ब्रेक ताकदीत नव्हे, उष्णतेत हरतात

पेडल दाबले की कॅलिपरमधले पिस्टन चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर दोन्ही बाजूंनी पॅड दाबतात. या घर्षणाने गाडीच्या गतीतली ऊर्जा उष्णतेत बदलून ती हवेत सोडून देणे हे ब्रेकचे काम असते. ही ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे रस्त्यावरचा अनुभव ट्रॅकवर फारसा उपयोगी पडत नाही. १२०० किलो वजनाची गाडी ताशी ६० किलोमीटरवरून पूर्ण थांबवताना सुमारे १ लाख ६७ हजार ज्यूल ऊर्जा शोषून घ्यावी लागते. तीच गाडी ताशी १६० वरून केवळ ८० वर आणायची तर सुमारे ८ लाख ९० हजार ज्यूल, म्हणजे पाचपटींहूनही अधिक ऊर्जा ब्रेकांवर येते, आणि गाडी अजून धावतेच आहे. पुढच्या चाकांवर साधारण ७० टक्के भार येतो असे धरले, तर पुढच्या प्रत्येक डिस्कच्या वाट्याला तीन लाख ज्यूलच्या वर ऊर्जा येते. ओतीव लोखंडाची सहा किलोची डिस्क तेवढ्याने सुमारे ११० अंश सेल्सियसने तापते. एका फेरीत अशी चार-पाच ठिकाणे असतील आणि मधल्या सरळ पट्ट्यांवर मिळणारा गारवा पुरेसा नसेल, तर काही फेऱ्यांतच डिस्क ५०० अंशांच्या पलीकडे जाते. घाटातून उतरतानाही रोजच्या वापरातले ब्रेक क्वचितच एवढे तापतात.

या तापण्याने तीन वेगवेगळे बिघाड होतात आणि त्यांची लक्षणेही वेगवेगळी असतात. ती नीट ओळखली तरच पैसे योग्य ठिकाणी लागतात. पेडल मऊ होऊन खाली जात असेल, तर कॅलिपरमधले ब्रेक ऑइल उकळून त्याची वाफ झाली आहे; द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते, म्हणून पायाचा जोर पिस्टनपर्यंत पोहोचत नाही. पेडल घट्ट आहे, पाय पूर्ण जोराने दाबला आहे आणि तरीही गाडी मंदावत नाही, अशी अवस्था असेल तर पॅड आपल्या तापमानाच्या मर्यादेबाहेर गेले आहेत आणि त्यांचे घर्षण घटले आहे. पेडल आणि स्टिअरिंग थरथरत असतील, तर डिस्कच्या पृष्ठभागाकडे पाहावे. पहिल्या बिघाडावर पॅड बदलून उपाय होत नाही आणि दुसऱ्यावर ऑइल बदलून होत नाही. हे उघड दिसते, तरीही पेडल खाली गेले म्हणून महागडे पॅड विकत घेणारे लोक मी पाहिले आहेत.

इथेच मोठ्या कॅलिपरच्या मोहाबद्दलही बोलून टाकतो. तुमच्या गाडीचे ब्रेक जोराने दाबल्यावर एबीएस (चाक पूर्ण अडू न देणारी यंत्रणा) चालू होत असेल, तर चाक अडवण्याइतकी ताकद त्या ब्रेकांत आधीपासूनच आहे, आणि त्यापुढे गाडी किती अंतरात थांबेल हे टायरची पकड ठरवते. चार किंवा सहा पिस्टनचे कॅलिपर आणि मोठी डिस्क बसवल्याने पहिला थांबा आखूड होत नाही; अधिक धातू आणि अधिक हवा मिळाल्यामुळे विसाव्या वेळी ब्रेक दाबल्यावरही गाडी पहिल्या वेळेसारखीच थांबते, एवढाच त्यांचा खरा लाभ आहे. त्याच्या बदल्यात चाकात जागा पुरेल का, पुढच्या-मागच्या ब्रेकांचे प्रमाण बिघडेल का आणि पिस्टनचे एकूण क्षेत्रफळ वाढल्याने पेडलचा प्रवास लांबेल का, असे तीन नवे प्रश्न उभे राहतात. फार जड किंवा फार ताकदवान गाडी नसेल आणि वर्षाकाठी चारच दिवस जायचे असेल, तर तेवढा खर्च माझ्या मते अनाठायी आहे. ते पैसे चांगल्या टायरवर घातले तर प्रत्येक थांबा आखूड होतो, घरी परतताना पावसात गाठलेलासुद्धा.

आहे ते आधी ठीकठाक करणे

काही विकत घेण्यापूर्वी चारही चाके काढून अर्धा दिवस पाहणीत घालवावा. कॅलिपर ज्या सरकत्या पिनांवर पुढे-मागे होतो त्या पिना हाताने सहज हलल्या पाहिजेत. एखादी जाम असेल तर एका बाजूचे पॅड दुसऱ्यापेक्षा लवकर झिजते, किंवा पाचरीसारखे तिरके झिजते, आणि ते पॅड डिस्कला सतत घासत राहून विनाकारण तापते. पिना पुसून स्वच्छ कराव्यात आणि ब्रेकसाठी बनवलेले, जास्त तापमान सोसणारे सिलिकॉन ग्रीस लावावे. साध्या ग्रीसमधल्या खनिज तेलाने रबरी टोप्या फुगतात. पिस्टनभोवतीच्या रबरी टोप्या फाटलेल्या नाहीत ना, लवचीक होज पाइपांवर भेगा नाहीत ना, आणि चाक वर-खाली हलवल्यावर बेअरिंगमध्ये खेळ जाणवत नाही ना, हेही पाहावे.

डिस्कची कमीत कमी चालणारी जाडी बहुधा तिच्या कडेवर किंवा मधल्या भागावर कोरलेली असते. ट्रॅकसाठी त्या आकड्याच्या अगदी जवळ आलेली डिस्क वापरू नये, कारण झिजलेला प्रत्येक मिलिमीटर म्हणजे उष्णता साठवणारे तेवढे लोखंड कमी झालेले असते. पॅडचेही तसेच आहे. रस्त्यावर तीन-चार मिलिमीटर उरलेले पॅड आणखी काही महिने चालून जाते. ट्रॅकवर मात्र तेच पातळ पॅड डिस्कची उष्णता थेट पिस्टनकडे आणि ऑइलकडे पोहोचवते. निघताना घर्षण-पदार्थ निम्म्याहून अधिक शिल्लक असावा, हा नियम मी आता मोडत नाही.

मागे ड्रम ब्रेक असले म्हणून हिरमुसून जाण्याचे कारण नाही. उष्णतेचा मोठा वाटा पुढेच असतो. ड्रमचे शू (आतून घासणारे तुकडे) चांगल्या स्थितीत आणि नीट जुळवलेले असले की अशा हौशी वापरासाठी ते पुरतात.

ब्रेक ऑइल

सगळ्यांत कमी खर्चात सगळ्यांत मोठा फरक पाडणारी वस्तू हीच आहे. आपण तिला ऑइल म्हणतो खरे, पण ते तेल नाही. बहुतेक गाड्यांतला हा द्रव ग्लायकॉल ईथर जातीचा असतो आणि तो हवेतला ओलावा शोषून घेतो. ओलावा वाढला की उत्कलनबिंदू घसरतो. म्हणूनच त्याच्या मानकांत दोन आकडे दिलेले असतात. पहिला कोरड्या, म्हणजे नव्या द्रवाचा, आणि दुसरा सुमारे ३.७ टक्के पाणी शोषलेल्या ओल्या द्रवाचा. ‘डॉट’ हे या मानकांतल्या प्रतींचे नाव. डॉट ३ साठी किमान मर्यादा कोरड्या अवस्थेत २०५ आणि ओल्या अवस्थेत १४० अंश, डॉट ४ साठी २३० आणि १५५ अंश, तर डॉट ५.१ साठी २६० आणि १८० अंश आहे. तीन वर्षे गाडीत राहिलेले डॉट ४ घेऊन ट्रॅकवर गेलेला माणूस आपल्याकडे २३० अंशांची मुभा आहे असे समजत असतो. प्रत्यक्षात ती त्याहून पुष्कळ कमी उरलेली असते.

शर्यतीसाठी बनवलेल्या डॉट ४ जातीच्या द्रवांचा कोरडा उत्कलनबिंदू ३०० अंशांच्याही वर असतो. हौशी वापरासाठी बाटलीवरचा कोरडा आकडा पाहून हुरळून न जाता ओला आकडा तपासावा, कारण गाडी वर्षभर रस्त्यावरच असणार आहे. ट्रॅकवर जाण्याच्या आधी ताज्या, सीलबंद बाटलीतून भरलेले चांगले डॉट ४ किंवा डॉट ५.१ हलक्या गाडीला बहुधा पुरते. गाडी जड असेल किंवा तुमचा वेग वाढत चालला असेल तर शर्यतीचा द्रव घ्यावा आणि निदान दरवर्षी बदलावा. कडाक्याची थंडी पडणाऱ्या प्रदेशात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. आधुनिक एबीएस आणि स्थैर्य-नियंत्रण यंत्रणांना थंडीतही पातळ राहणारा द्रव लागतो, आणि शर्यतीचे काही द्रव त्या मानाने दाट असतात; गाडीच्या पुस्तिकेत कमी दाटपणाचा द्रव सांगितला असेल तर तोच निकष पाळावा. नावात साम्य असलेले डॉट ५ मात्र सिलिकॉनचे असते. ते ग्लायकॉलच्या द्रवात मिसळत नाही आणि एबीएस असलेल्या गाडीत त्याला जागाही नाही, म्हणून बाटली घेताना ५ आणि ५.१ यांत घोटाळा होऊ देऊ नये.

बदलण्याचे काम घरी होण्यासारखे आहे, पण ते निवांतपणे करावे. गाडी सपाट, टणक जमिनीवर जॅकने उचलून स्टँडवर टेकवावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर असलेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नये. मास्टर सिलिंडरवरच्या (पेडलच्या जोराने द्रव ढकलणाऱ्या मुख्य नळकांड्यावरच्या) डबीतला जुना द्रव मोठ्या सिरिंजने ओढून घ्यावा आणि डबी नव्या द्रवाने भरावी. मग चाके पुस्तिकेत दिलेल्या क्रमाने घ्यावीत. बऱ्याच गाड्यांत मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून सुरुवात करतात, पण काही गाड्यांचा क्रम निराळा असतो. निपलवर आधी रिंग पाना चढवावा, त्यावर पारदर्शक नळी घट्ट बसवावी आणि नळीचे दुसरे टोक थोडा नवा द्रव घेतलेल्या बाटलीत बुडवून ठेवावे. सोबत्याने पेडल सावकाश दाबून धरले की पाना पाव फेरी फिरवून निपल उघडायचे, द्रव आणि बुडबुडे बाहेर येऊ द्यायचे, निपल बंद करायचे, आणि त्यानंतरच सोबत्याला पाय उचलायला सांगायचे. हा क्रम एकदा जरी उलटला तरी निपलमधून हवा आत ओढली जाते. म्हणून दोघांत ‘दाब’, ‘धर’ आणि ‘सोड’ हे तीन शब्द आधी ठरवून घ्यावेत आणि काम चालू असताना चौथा शब्द बोलू नये. गाडी जुनी असेल तर पेडल तळापर्यंत नेऊ नये. मास्टर सिलिंडरच्या एरवी न वापरल्या जाणाऱ्या भागात गंज साचलेला असतो आणि त्यावरून सील घासले गेले की ते फाटण्याची भीती असते. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला की हा प्रश्न मिटतो.

नळीतला रंग बदलून स्वच्छ, फिकट द्रव बुडबुड्यांविना येऊ लागेपर्यंत एका चाकावर काम करावे आणि दर आठ-दहा दाबांनंतर डबी भरत राहावी. डबी रिकामी होऊन एबीएसच्या यंत्रात हवा शिरली, तर ती काढायला कित्येक गाड्यांत निदान-यंत्र जोडावे लागते आणि घरचे काम तिथेच संपते. संपूर्ण बदलासाठी साधारण एक लिटर द्रव हाताशी असावा. तो रंगावर सांडला तर रंग उतरवतो. सांडलेली जागा लगेच भरपूर पाण्याने धुवावी. शेवटी इंजिन चालू करून पेडल जोराने दाबून धरावे. ते हळूहळू बुडत असेल किंवा स्पंजासारखे मऊ लागत असेल तर गाडी हलवू नये. कुठे तरी गळती आहे किंवा हवा राहिली आहे.

पॅडची निवड

प्रत्येक पॅडची तापमानाची एक कक्षा असते, आणि निवड म्हणजे आपली गाडी कोणत्या कक्षेत काम करते हे ओळखणे. कारखान्यातून आलेले रस्त्याचे पॅड गारठलेले असतानाही पहिल्या दाबाला पकडतात, आवाज करत नाहीत आणि डिस्क कमी झिजवतात. पण साधारण ३५० ते ४०० अंशांच्या पुढे त्यांतले बांधणारे रेझिन विघटित होऊ लागते आणि घर्षण घसरते. निव्वळ ट्रॅकसाठीचे पॅड ६०० अंशांपलीकडेही पकड सोडत नाहीत, पण सकाळी गल्लीच्या तोंडाशी पहिल्यांदा दाबल्यावर त्यांतले काही बेफिकीर वाटावेत इतके कमी पकडतात, कर्कश आवाज करतात, डिस्क खातात, आणि त्यांची धूळ चाकांवर चिकटून गंजाचे डाग पाडते. रोजच्या गाडीत असे पॅड कायमचे ठेवणे मला धोक्याचे वाटते. मुलाला शाळेत सोडताना कोणी आडवे आले तर पॅड तापण्याची वाट पाहायला वेळ नसतो.

मग दोन मार्ग उरतात. रस्ता आणि ट्रॅक अशा दोन्हींसाठी बनवलेले मधल्या जातीचे पॅड बसवून ते वर्षभर ठेवायचे, किंवा रस्त्याचे पॅड तसेच ठेवून ट्रॅकच्या दिवसापुरते वेगळे पॅड घालायचे. हलकी, मध्यम ताकदीची गाडी आणि नवखा चालक यांना पहिला मार्ग पुरतो. वेग वाढल्यावर, किंवा मधले पॅडही हार मानू लागल्यावर, दुसऱ्या मार्गाकडे वळावे. दोन संच ठेवायचे असतील तर एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. पॅड डिस्कवर स्वतःच्या पदार्थाचा एक अतिशय पातळ थर बसवते आणि बरेचसे ब्रेकिंग त्या थरावर होते. एका पॅडच्या थरावर भलत्याच जातीचे दुसरे पॅड घासले की पकड डळमळते. म्हणून शक्यतो एकाच उत्पादकाचे, एकमेकांशी जुळणारे दोन प्रकार घ्यावेत, आणि ते शक्य नसेल तर ट्रॅकसाठी साध्या डिस्कची वेगळी जोडी ठेवावी. पॅडबरोबर डिस्क बदलणे हे अनेक गाड्यांत दोन बोल्टचे काम असते.

फक्त पुढचे पॅड बदलले तर ब्रेकचा तोल पुढे झुकतो, जे फारसे चिंतेचे नाही. मागे मात्र पुढच्यापेक्षा जास्त पकडणारे पॅड कधीही घालू नयेत. वळणाच्या तोंडाशी मागची चाके आधी अडली तर गाडी स्वतःभोवती फिरते. शिवाय ट्रॅकच्या पॅडांना पुष्कळदा रस्त्यावरच्या वापराची मान्यता नसते. आपल्याकडचा नियम आणि विम्याची अट वाचून घ्यावी आणि तसे असेल तर ट्रॅकवर पोहोचल्यावरच ते चढवावेत.

पॅड बदलताना पिस्टन आत ढकलावे लागतात, तेव्हा डबीतला द्रव वर चढून सांडतो, म्हणून आधी थोडा काढून ठेवावा. मागच्या कॅलिपरमध्ये हँडब्रेकची रचना असेल तर पिस्टन बहुधा फिरवत आत न्यावा लागतो, आणि विजेवर चालणारा हँडब्रेक असेल तर तो आधी दुरुस्तीच्या स्थितीत नेणे आवश्यक असते. काम झाल्यावर गाडी हलवण्यापूर्वी पेडल घट्ट होईपर्यंत पंप करणे, ही विसरली जाणारी आणि विसरल्यास भिंतीवर जाऊन आठवणारी पायरी आहे.

नवे पॅड थेट जोरात वापरायचे नसतात. उत्पादकाने दिलेली पद्धत असेल तर तीच पाळावी. नसेल, तर मोकळ्या, सुरक्षित जागी ताशी १०० वरून २० पर्यंत, पूर्ण न थांबता, मध्यम ते दमदार जोराने आठ-दहा वेळा वेग उतरवावा आणि मग दहा मिनिटे ब्रेकला जवळजवळ हात न लावता गाडी चालवत ठेवावी. ही क्रिया साधली की डिस्कवर काठापासून काठापर्यंत एकसारखी निळसर-करडी झाक दिसते. साधली नाही तर झाक ठिपक्याठिपक्यांची असते, आणि पहिल्या गरम सत्रात त्या ठिपक्यांवर पदार्थ साचत जाऊन स्टिअरिंग थरथरू लागते. अशा वेळी ‘डिस्क वाकली’ असे निदान ऐकायला मिळते. बहुतेकदा डिस्क वाकलेली नसते. तिच्यावरचा थर कमी-जास्त बसलेला असतो, आणि मिलिमीटरच्या काही शतांश भागांचा फरकसुद्धा पायाला जाणवतो. पॅड पुन्हा नीट तापवून थर एकसारखा बसवल्यावर ही थरथर अनेकदा जाते.

डिस्क, होज आणि हवा

डिस्कबाबत थोडक्यात सांगायचे तर साधी, हवा खेळवणारी, चांगल्या प्रतीची डिस्क घ्यावी आणि ती झिजणारी वस्तू आहे असे मानून बदलत राहावे. भोके पाडलेल्या डिस्क दिसायला आकर्षक असतात, पण तापण्या-गार होण्याच्या चक्रात भेगा त्या भोकांपासूनच सुरू होतात. खाचा पाडलेल्या डिस्कने पॅडचा पृष्ठभाग स्वच्छ राहतो, मात्र पॅड लवकर झिजते.

पोलादी जाळीचे होज गाडीची थांबण्याची क्षमता वाढवत नाहीत. पेडलचा प्रतिसाद तेवढा नेटका होतो. तुमचे रबरी होज दहा वर्षांचे असतील आणि बदलायचेच असतील, तर त्यांच्या जागी प्रमाणित पोलादी होज घ्यायला हरकत नाही. एरवी ते यादीच्या तळाशी ठेवावेत.

पॅड आणि ऑइल दोन्ही योग्य असूनही ब्रेक तापतच असतील, तर हवेचा विचार करावा. हवा खेळवणारी डिस्क पंख्यासारखी काम करते, म्हणजे मधून हवा ओढून कडेने बाहेर फेकते. म्हणून बंपरमधून आणलेली नळी डिस्कच्या बाहेरच्या तोंडावर न सोडता हबजवळ, मध्यभागी सोडावी. डिस्कमागचा पातळ पत्रा काढून टाकण्याची युक्ती फुकट आहे आणि पुष्कळजण ती वापरतात, पण तोच पत्रा बॉल जॉइंट आणि स्टिअरिंगच्या सांध्यांच्या रबरी टोप्यांना धगीपासून वाचवत असतो. तो काढायचाच तर दर सत्रानंतर त्या टोप्या तपासाव्या लागतात. मी तो कापला नाही.

ट्रॅकवरचा दिवस

आता जे सांगायचे आहे त्याला काहीच खर्च येत नाही, आणि तरीही त्याचा परिणाम पॅडइतकाच असतो. नवखा चालक लवकर ब्रेक दाबतो, हलका दाबतो आणि बराच वेळ दाबून ठेवतो. ऊर्जा तेवढीच असली तरी उष्णतेला डिस्कमधून पॅड, पिस्टन आणि ऑइलपर्यंत झिरपायला त्यात अधिक अवधी मिळतो आणि गार होण्याचा वेळ कमी होतो. एकदाच, ठामपणे, सरळ रेषेत दाबून लवकर सोडणे ब्रेकांना मानवते. पहिली फेरी टायर आणि ब्रेक तापवण्यासाठी द्यावी. पंधरा-वीस मिनिटांच्या सत्रात तीन-चार जोरदार फेऱ्यांनंतर एक सैल फेरी घ्यावी, आणि पेडल नेहमीपेक्षा एक बोट जरी खाली लागले तरी ‘अजून एक फेरी’ न म्हणता बाहेर यावे.

आधुनिक गाड्यांत एक छुपा भागीदारही असतो. स्थैर्य-नियंत्रण आणि वळताना आतले चाक अडवणाऱ्या यंत्रणा आपल्या नकळत ब्रेक वापरत राहतात. मागचे पॅड अनपेक्षितपणे झिजलेले दिसले तर संशय त्यांच्यावर घ्यावा. नवख्याने त्या बंद करण्याऐवजी त्या कमी जाग्या होतील इतके सफाईने चालवावे.

सत्राची शेवटची फेरी शक्य तितकी ब्रेकविना, उंच गिअरमध्ये घ्यावी. गाडी उभी केल्यावर डिस्कवर वाहणारी हवा थांबते आणि साठलेली धग कॅलिपरकडे सरकते, म्हणून काही वेळा ऑइल ट्रॅकवर न उकळता पार्किंगमध्ये उकळते. थांबल्यावर ब्रेकवर पाय ठेवू नये आणि हँडब्रेक ओढू नये, नाहीतर तापलेल्या डिस्कवर पॅडचा चौकोनी ठसा उमटतो. गाडी गिअरमध्ये ठेवावी, ऑटोमॅटिक असेल तर पार्कवर, आणि चाकांना ठोकळे लावावेत. मी एकदा रांगेत उभा असताना सवयीने पेडलवर पाय ठेवला होता. तो ठसा डिस्कवर बोटाने दाखवता येत होता आणि पुढचा महिनाभर प्रत्येक सिग्नलला तो मला पायाखाली जाणवत होता.

दर सत्रानंतर चाके गार झाली की नट टॉर्क पान्याने तपासावेत, कॅलिपरजवळ ओल दिसते का ते पाहावे आणि पेडल दाबून त्याची उंची लक्षात घ्यावी. सोबत एक न उघडलेली द्रवाची बाटली, पाना आणि नळी ठेवावी. दुपारी पेडल मऊ पडले तर पुढच्या दोन कॅलिपरमधून थोडा द्रव काढून दिवस वाचवता येतो.

परतण्यापूर्वी आणि परतल्यावर

रस्त्याचे पॅड परत चढवायचे असतील तर डिस्क हाताला सोसवेल इतकी गार होऊ द्यावी, आणि घरी निघताना पहिले काही थांबे रिकाम्या जागेत हलकेच करून पाहावेत, कारण डिस्कवर अजून ट्रॅकच्या पॅडचा थर असतो. डिस्कवर केसासारख्या बारीक रेषांची जाळी दिसणे ट्रॅकच्या वापरात नेहमीचे आहे. त्या रेषेत नख अडकत असेल किंवा ती बाहेरच्या कडेपर्यंत पोहोचली असेल तर डिस्क बाद करावी. पिस्टनच्या रबरी टोप्या ठिसूळ किंवा करपलेल्या दिसल्या तर पुढच्या खेपेपूर्वी कॅलिपरच्या सीलचा संच बदलून घ्यावा. पेडल दिवसात एकदाही मऊ झाले असेल, तर ऑइल पुन्हा नवे भरावे. ते गार झाल्यावर घट्ट वाटते म्हणून सोडून देऊ नये.

शेवटी कॅलिपर उघडलेले असतानाच चारही चाकांच्या आतल्या आणि बाहेरच्या पॅडची जाडी व्हर्नियरने मोजून वहीत टिपून ठेवावी. दोन-तीन दिवसांच्या नोंदी झाल्या की तुमच्या गाडीला, तुमच्या पायाला, एका दिवसात किती मिलिमीटर पॅड लागते हे कळते, आणि आतल्या-बाहेरच्या आकड्यांत फरक पडू लागला की कोणती पिन पुन्हा अडकत आहे तेही गाडी रस्त्यावर ओढू लागण्याच्या आधी समजते.